कीबोर्ड मेला की कॉम्प्युटर? आधी कॅप्स लॉक दाबून बघा

जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड किंवा माऊस अचानक बंद पडला की बहुतेक लोक काय करतात, आधी चार बटणं जोरजोरात बडवतात, मग केबल उपटून परत खुपसतात, मग सरळ मेन स्विच बंद. शाळेची कॉम्प्युटर लॅब असो, पतसंस्थेचं काउंटर असो नाहीतर लग्नपत्रिका छापणारं डीटीपीचं दुकान, सगळीकडे हाच क्रम. शेवटी नवा कीबोर्ड येतो, तोही चालत नाही, आणि मग कळतं की दुखणं भलतीकडेच होतं.

यातलं काहीही करायच्या आधी कॅप्स लॉक दाबा आणि कोपऱ्यातला दिवा बघा.

आपल्याला वाटतं बटण दाबलं की कीबोर्डच तो दिवा लावतो. तसं नाहीये. बटण दाबल्यावर कीबोर्ड फक्त एक आकडा कॉम्प्युटरकडे पाठवतो, 'अमुक नंबरचं बटण दाबलं' एवढंच. तो आकडा विंडोज वाचते, बरं कॅप्स लॉक का, असं म्हणून उलटा हुकूम पाठवते की आता दिवा लाव, आणि तेव्हा कुठे दिवा लागतो. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ निरोप गेला, वाचला गेला आणि उत्तरही परत आलं. कीबोर्ड, केबल, पोर्ट, सगळं ठीक, जे काय अडकलंय ते तुम्ही उघडलेल्या प्रोग्राममध्ये अडकलंय. दिवा लागत नसेल तर मात्र वाटेत कुठेतरी तुटलंय, किंवा कॉम्प्युटरच पूर्ण हँग झालाय. वायरलेस कीबोर्डवर बऱ्याचदा दिवाच नसतो, तिथे ही युक्ती गेली, पण जुन्या वायरवाल्यांवर हमखास चालते.

आता दुसरी गोष्ट बघायची. कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि नजर कीबोर्डवर ठेवा. करंट मिळाल्यावर कीबोर्डमधली छोटी चिप स्वतःची तपासणी करते आणि तेव्हा तिन्ही दिवे एकदा क्षणभर चमकतात. हे मात्र कीबोर्ड स्वतःच्या बळावर करतो. दिवे चमकले पण नंतर कॅप्स लॉक लागत नाही म्हणजे कीबोर्डला ५ व्होल्ट मिळतायत, चिप जिवंत आहे, पण बोलणं पोचत नाहीये. चमकलेच नाहीत तर करंटच नाही, म्हणजे केबल तुटली, पोर्ट गेला, किंवा मदरबोर्डवर त्या पोर्टसाठी जो बारीकसा फ्यूज असतो तो उडाला. पीएस टू, म्हणजे मागच्या गोल पोर्टवर कीबोर्ड आणि माऊस दोन्ही एकाच वेळी गेले असतील तर माझा पहिला संशय या फ्यूजवरच जातो, कारण बऱ्याच बोर्डांवर दोघांना मिळून एकच असतो.

हे पीएस टू पोर्ट दोन असतात, जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा. आयबीएमने १९८७ मध्ये त्याच नावाच्या कॉम्प्युटरबरोबर हा आणला, रंग मात्र नंतर आले. प्लगमध्ये सहा पिनांची जागा, पण कामाच्या चारच, डेटा, क्लॉक, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. दोन्ही प्लग दिसायला सारखे, त्यामुळे घाईत टेबलाखाली हात घालून लावताना अदलाबदल होते, आणि डेस्कटॉपवर अदलाबदल झाली की सहसा दोन्ही गप्प. दुसरा घोळ वाकलेल्या पिनेचा. प्लग थोडा फिरवून जोरात दाबला की बारीक पीन आडवी होते. मोबाईलच्या टॉर्चमध्ये प्लग धरून बघा, पीन वाकलेली असेल तर लीड काढलेल्या पेन्सिलीचं, म्हणजे त्या टिकटिक पेन्सिलीचं टोक पिनेवर चढवायचं आणि हळूच सरळ करायची. पकडीने ओढायला गेलात तर मोडणार.

हा पोर्ट कॉम्प्युटर चालू असताना काढ-घाल करण्यासाठी बनवलेलाच नाही. फ्यूज उडतो तो बऱ्याचदा असल्या काढाकाढीतच. आणि त्यात एक गंमत आहे, कीबोर्ड काढून परत लावला तर अनेकदा चालू होतो पण माऊस होत नाही, का, तर कीबोर्ड करंट मिळाल्यावर आपणहून बोलायला लागतो, माऊस मात्र 'आता माहिती पाठव' असा हुकूम आल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो हुकूम सुरुवातीलाच एकदा दिला जातो. म्हणून रीस्टार्ट. माऊसचा लाल लाइट लागलाय पण बाण हलत नाही ही तक्रार नेहमीची, पण तो लाइट फक्त करंट मिळतोय एवढंच सांगतो.

यूएसबीचं प्रकरण वेगळं आहे. पीएस टू कीबोर्ड म्हणजे वर्गात मध्येच हात वर करून 'सर' म्हणणारं पोरगं, प्रोसेसरला हातातलं काम थांबवून बघावंच लागतं. यूएसबीत हजेरी चालते, कॉम्प्युटर सेकंदाला साधारण शंभरेक वेळा विचारतो, आहे का काही, आणि विचारल्याशिवाय कीबोर्ड बोलू शकत नाही. हजेरी घेणारं कोणी नसेल तर कीबोर्ड कितीही नवाकोरा असो, उपयोग शून्य. हजेरी घेतो तो ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते यंत्र चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम. विंडोज सुरू होण्याआधी हे काम बायोस, म्हणजे मदरबोर्डमध्येच भरलेला सुरुवातीचा प्रोग्राम करतो, पण जुन्या मदरबोर्डांवर त्यासाठी 'यूएसबी लेगसी सपोर्ट' नावाचं सेटिंग चालू असावं लागतं. ते बंद असेल तर विंडोजमध्ये मस्त चालणारा कीबोर्ड बायोसच्या स्क्रीनवर ठार. आणि ते चालू करायचं तर बायोसमध्ये जायला कीबोर्ड हवा! अशा वेळी कुणाकडून तरी गोल पिनवाला कीबोर्ड मागून आणायचा, नाहीतर कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवायचा, म्हणजे सेटिंग मूळपदावर येतं. तो सेल उतरला तरी सेटिंग उडतं, घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर समजून जा.

याच्या अगदी उलटा गोंधळ २०१५ नंतरच्या बोर्डांवर झाला. इंटेलने स्कायलेक नावाच्या प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधून, जुन्या यूएसबी २ चा कंट्रोलर, म्हणजे ते पोर्ट सांभाळणारा भाग, काढून टाकला, सगळे पोर्ट नव्या कंट्रोलरखाली आले, आणि विंडोज ७ मध्ये त्या नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नव्हता. लोक सवयीने विंडोज ७ टाकायला बसायचे, बायोसमध्ये कीबोर्ड झकास चालायचा, आणि इन्स्टॉलेशनचा पहिला स्क्रीन आला की कीबोर्ड-माऊस दोन्ही गायब. कितीतरी चांगले कीबोर्ड यात फुकट बदनाम झाले. उपाय दोनच, पेन ड्राइव्हमध्ये आधीच तो ड्रायव्हर घालून घ्यायचा, किंवा बोर्डावर पीएस टू पोर्ट असेल तर तो वापरायचा.

यूएसबीचं पीएस टू करणारा छोटा हिरवा-जांभळा कन्व्हर्टर मिळतो, त्यात डोकं काही नसतं, नुसत्या तारा इकडच्या तिकडे. कीबोर्डच्या चिपला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो, जुन्या कीबोर्डांना यायच्या, हल्लीच्या बऱ्याच जणांना येत नाहीत.

सगळा कीबोर्ड चालतो पण एकमेकांशी संबंध नसलेली चार-पाच बटणं गेली, तर ते आतल्या जाळीचं काम. शंभरावर बटणांना शंभर तारा कोण देणार, म्हणून आडव्या-उभ्या मिळून पंचवीसेक रेषा असतात आणि प्रत्येक बटण दोन रेषांच्या फुलीवर बसतं. स्वस्त कीबोर्डात या रेषा प्लास्टिकच्या पातळ शीटवर छापलेल्या असतात. चहा सांडला, एक रेष गेली, की त्या रेषेवरची सगळी बटणं गेली.

कधी काहीच बिघडलेलं नसतं. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं गेलं की विंडोज फिल्टर कीज चालू करायचं विचारते, कुणीतरी न वाचता ओके दाबतं, आणि मग हलकं दाबलेलं बटण विंडोज मोजतच नाही. ओळख सोपी आहे, बटण जरा वेळ दाबून धरलं की अक्षर उमटतं. कंट्रोल पॅनेलमधून बंद करायचं, झालं.

माऊसमध्ये गोळीवाला असेल तर बाण फक्त वर-खाली जातो का आडवाही जातो ते बघा. एकाच दिशेला जात असेल तर केबल-पोर्ट ठीक, आतल्या दोन रोलरपैकी एकावर मळाची काळी पट्टी बसलीय, ती टूथपिकने काढायची, ब्लेडने नाही. लाल लाइटवाला माऊस खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून हालचाल ओळखतो, मायक्रोसॉफ्टचा १९९९ चा ऑप्टिकल माऊस सेकंदाला १५०० काढायचा, त्यामुळे काचेच्या टेबलावर त्याला काही दिसतच नाही. खाली कागद ठेवा. माऊस एका विशिष्ट कोनात धरला तरच चालतो, तर केबल मानेपाशी तुटलीय.

आणि दोन्ही गेलेत, पण कॉम्प्युटर चालू दिसतोय, तर प्लग उपटू नका. पॉवरचं बटण एकदाच, हलकेच दाबून सोडा, विंडोज जिवंत असेल तर ती नीट आवरून बंद होते, फक्त सेव्ह न केलेली फाइल उघडी असेल तर तिथे अडून बसू शकते. मिनिटभर वाट बघून काहीच झालं नाही तरच ते बटण ४ सेकंद दाबून धरायचं.