ताप आला की ऊन लागले?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की दुपारी अंग तापलेल्या मुलाबद्दल घरात एकच वाक्य ऐकू येते: "ऊन लागले असेल." कधी ते खरे असते, तर कधी साधा विषाणूजन्य ताप असतो. थर्मामीटरवरचा आकडा दोन्हींत सारखा दिसू शकतो, पण शरीरात चाललेला प्रकार अगदी वेगळा असतो आणि म्हणून उपायही वेगळा असतो.

तापात मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र संसर्गाला उत्तर म्हणून शरीराची पातळी स्वतःच वर नेते. त्यामुळे ताप चढताना मुलाला हुडहुडी भरते, अंग तापलेले असूनही हातपाय गार पडतात आणि ते पांघरूण मागते. पॅरासिटामॉल ही पातळी खाली आणते, म्हणून तेथे ते उपयोगी पडते. मात्रा वजनावर ठरते: साधारणपणे दर किलोला एका वेळी 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर. सिरप घेताना बाटलीवरचा आकडा वाचलाच पाहिजे, कारण 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेले आणि 250 मिलिग्रॅम असलेले औषध शेजारीशेजारी विकले जाते आणि "एक चमचा" म्हटल्याने मात्रा दुप्पट होऊ शकते. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नये. त्याने कापरे भरते आणि उष्णता उलट वाढते.

ऊन लागते तेव्हा नियंत्रक केंद्राची पातळी बदललेली नसते. बाहेरून आलेली उष्णता बाहेर टाकणे शरीराला जमेनासे होते, म्हणून पॅरासिटामॉल येथे काहीच करत नाही. सुरुवातीला घाम, तहान, डोकेदुखी, मळमळ आणि गळून जाणे एवढेच असते. अशा वेळी मुलाला कूलरच्या खोलीत सैल कपड्यांत निजवून ओआरएस घोटघोट पाजले, तर बहुधा तासाभरात ते सावरते. कैरीचे पन्हेही चांगलेच, मात्र ते ओआरएसची जागा घेत नाही. खिशातल्या कांद्याविषयी न बोललेलेच बरे.

परंतु अंग 40 अंश सेल्सिअस, म्हणजे 104 फॅरेनहाइट, किंवा त्याहून अधिक तापले असून मूल बरळत असेल, ओळख देत नसेल, त्याला झटके येत असतील किंवा ते शुद्धीत नसेल, तर तो उष्माघात होय. त्यात कातडी कोरडीच असते असे नाही. उन्हात खेळून आलेल्या मुलाला घामही असू शकतो. 108 क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहताना कपडे काढून अंगावर थंड पाणी ओतत जोरात पंखा लावावा. वाळ्याची टट्टी ज्या बाष्पीभवनाने खोली गार करते, तेच येथे अंगाला करायचे असते. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

दोहोंत घोटाळा होतो तो मुख्यतः तान्ह्या बाळांच्या बाबतीत, कारण दुपट्यात गुंडाळलेले बाळ केवळ खोलीच्या उकाड्यानेही तापते. दुपटे काढून अर्ध्या तासाने पुन्हा तापमान मोजावे. पण तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश किंवा अधिक भरले आणि ते तसेच राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. बाळ मलूल असेल किंवा दूध ओढत नसेल, तर तेवढा अर्धा तासही थांबू नये.

पावसाळा सुरू झाल्यावर मात्र "उष्णता झाली" हे निदान बाजूला ठेवावे. तेव्हाच्या तापामागे डेंग्यू असू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन देऊ नये, आणि मुलांना अॅस्पिरिन तर कोणत्याच तापात देऊ नये.