‘सवय तर नाही ना लागणार?’ : डिप्रेशनच्या गोळ्या सोडतानाच्या त्रासाची जुनी गोष्ट

डिप्रेशनची गोळी लिहून दिली की डॉक्टरला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे सवय तर नाही ना लागणार. उत्तरही ठरलेलं, नाही हो, सवय बिवय काही लागत नाही. आता गंमत अशी की मराठीत सवय म्हणजे तलफही आणि अंगवळणी पडणंही. तलफ या गोळ्यांची येत नाही हे खरंच आहे, पण शरीराच्या त्या अंगवळणी पडतात, आणि एकदम बंद केल्या की शरीर कुरकुरतं. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली, थोडी केलीही गेली, आणि त्यात पेशंट लोकांची तीसेक वर्षं गेली.

खरं तर हे पहिल्यापासून माहीत होतं. इमिप्रामीन ही या औषधांमधली अगदी सुरुवातीची गोळी, स्वित्झर्लंडमध्ये रोलॅंड कून यांनी १९५६ मध्ये पेशंटना देऊन पाहिली, १९५८ ला बाजारात आली आणि १९५९ मध्येच डॉक्टरांनी लिहून ठेवलं की अचानक थांबवली तर त्रास होतो, आणि तेव्हा त्याला सरळ विड्रॉअलच म्हणत होते, म्हणजे व्यसन सोडताना होणाऱ्या त्रासाचाच शब्द, कुणी शब्दाला घाबरत नव्हतं.

घोळ नंतर झाला. १९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला, म्हणजे प्रोझॅकला, परवानगी मिळाली, मग पॅरॉक्सेटीन वगैरे भावंडं आली. त्याआधी झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांनी लोकांना चांगलंच अडकवलं होतं, त्यामुळे नवीन गोळ्यांबद्दलही संशय होताच. ब्रिटनमध्ये एका सर्व्हेत ७८ टक्के लोक म्हणाले की डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागतं. मग १९९२ ला तिथल्या डॉक्टरांच्या संस्थांनी मोठी मोहीम काढली, आणि त्यातला एक मुख्य निरोप हाच की घाबरू नका, व्यसन लागत नाही. हेतू चांगला होता हो, लोक उपचारच घेत नव्हते. पण व्यसन नाही म्हणता म्हणता सोडताना त्रास होतो हे सांगायचं मागे पडलं.

आणि मग १९९६ चा डिसेंबर, अमेरिकेतलं फिनिक्स शहर. तज्ज्ञांची एक बैठक झाली, खर्च प्रोझॅकवाल्या एली लिली कंपनीचा. तिथून पुढे विड्रॉअलऐवजी ‘डिस्कंटिन्युएशन सिंड्रोम’, म्हणजे औषध थांबवल्यावरची लक्षणं, हा शब्द जास्त चालायला लागला. कंपनीचा त्यात फायदा काय ते बघा: फ्लुऑक्सेटीन शरीरातून निघायला आठवडे लागतात त्यामुळे त्रास कमी आणि उशिरा, तर पॅरॉक्सेटीन एका दिवसात निम्मं उतरतं, म्हणजे हा विषय चघळला की नाव प्रतिस्पर्ध्याचं खराब. बाकी पेशंटला तो शब्द काय कामाचा? त्याला डोकं वळवलं की आत करंट बसल्यासारखं होतंय, चक्कर येतेय, रात्री भलतीसलती स्वप्नं पडतायत, उगाच रडू येतंय, आणि कागदावर मात्र सौम्य त्रास, एखाद्या आठवड्यात जातो. जास्त टिकला तर काय, आजार उलटला, गोळी परत चालू करा. आता करंट बसणं हे काही डिप्रेशनचं लक्षण नाही, एवढं तरी कुणाला तरी सुचायला हवं होतं.

२००२ मध्ये बीबीसीने पॅरॉक्सेटीनवर कार्यक्रम केला तेव्हा लोकांच्या फोन आणि ईमेलचा नुसता पाऊस पडला. तरीही २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेच्या, रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या, अध्यक्ष एका सहकाऱ्यासोबत वर्तमानपत्रात पत्र लिहून सांगत होत्या की बहुतेकांचा त्रास दोन आठवड्यांत मिटतो. त्यावर एवढा गदारोळ झाला की २०१९ च्या मे मध्ये त्याच कॉलेजने भूमिका बदलली, काहींना त्रास तीव्र आणि लांबणारा असतो हे मान्य केलं.

त्याच वर्षी मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा पेपर आला. होरोविट्झ स्वतः मानसोपचारातले आणि स्वतःच गोळी सोडताना पार हैराण झालेले. त्यांचा मुद्दा मेंदूच्या स्कॅनवरून होता: सिटालोप्राम या अशाच एका गोळीच्या ६० मिलिग्रॅमवरून २० वर आलात तरी मेंदूत औषध जिथे काम करतं तिथली त्याची पकड ८८ वरून ८० टक्क्यांवर येते, बस. पण साधारण ९ मिलिग्रॅमला ती ७० असते आणि तिथून शून्यापर्यंतचा सगळा कडा शेवटच्या चिमूटभर डोसमध्ये. म्हणजे अर्धी, मग पाव, मग बंद ही जी आपली सगळ्यांची पद्धत, तीत खरी उडी शेवटचीच असते आणि ती सगळ्यात उंचावरून.

सोडताना त्रास किती जणांना होतो यावर अजून भांडण चालूच आहे. २०१९ ला जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांनी ५६ टक्के म्हटलं, २०२४ ला जर्मन संशोधकांनी औषध नसलेली खोटी गोळी सोडल्यावर होणारा त्रास वजा करून साधारण १५ टक्के काढले, तीव्र त्रास ३ टक्क्यांच्या आसपास. मला दुसरा आकडा जास्त पटतो, पण त्यातले बरेच अभ्यास थोडेच दिवस गोळी घेतलेल्यांचे, आणि पाच-सात वर्षं घेणाऱ्याचं काय हे त्यातून कळत नाही. आपल्याकडे तर सिटालोप्रामच्याच जवळच्या एस्सिटालोप्रामची छोटी गोळी ५ मिलिग्रॅमची. माझी मावसबहीण डॉक्टरांना विचारून कमी करत होती, पावच्या खाली कसं जायचं म्हणून ताटलीत ठेवून ब्लेडने कापायची, अर्धा भुगा ताटलीलाच चिकटायचा, आणि मग आज नक्की किती पोटात गेली याचा हिशेब तिलाही लागायचा नाही.