जलसा कोणता आणि भीमगीतांचा कार्यक्रम कोणता?

एप्रिल आला की छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांत फलक लागतात: 'भव्य आंबेडकरी जलसा'. मंचावर मात्र बहुतेक वेळा भीमगीतं, म्हणजे बाबासाहेबांवरची गाणी, गाणारी गायन पार्टी असते. गाणी चांगलीच असतात, तक्रार त्यांची नाही. पण या दोन वेगळ्या कला आहेत, आणि एकीला दुसरी समजण्यात जलसा विसरला जातोय, याचं मला वाईट वाटतं.

घोळाला आडनावाचाही हातभार आहे. जलसा घेऊन गावोगाव फिरले ते भीमराव कर्डक. ज्यांच्या गाण्यांवाचून आजची कुठलीच गायन पार्टी उठत नाही ते वामनदादा कर्डक (१९२२–२००४). दोघेही नाशिक जिल्ह्यातले, दोघेही बाबासाहेबांच्या चळवळीतले.

जलशाचा सांगाडा तमाशाचा: गण (सुरुवातीचं वंदन), गवळण, बतावणी (विनोदी संवाद), वग (गोष्ट सांगणारं नाट्य). सत्यशोधकांनी तो प्रबोधनासाठी उचलला, आंबेडकरी जलशांनी पार बदलून टाकला. गणात बाबासाहेबांना वंदन आलं, गवळण गेली, नाचणारी बाई गेली. वगात राजाराणीच्या जागी सावकार आला, येसकरकी, म्हणजे महार वतनातली गावकीची कामं, करणारा म्हातारा आला, शाळा शिकून आलेला त्याचा पोरगा आला. म्हातारा म्हणणार, वतन सोडलं तर भाकरी कोण घालणार? पोरगा त्याला उत्तर देणार, तेही अडखळत, कारण प्रश्न खरा आहे. महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. ते वाचता न येणाऱ्या माणसासमोर तोच वाद असा ढोलकी-तुणतुण्यावर उभा राहत होता. समोर बसलेल्यांत तसे म्हातारेही असायचे. जलशाची ताकद इथे आहे: विरोधी बाजूलाही तोंड मिळतं.

गायन पार्टीत असा वाद नसतो. पेटी, ढोलक, बॅन्जो, मागे कोरस, आणि एकेक गाणं आपल्यापुरतं पूर्ण. फर्माईशीच्या चिठ्ठ्या येतात, बक्षीस देणाऱ्याचं नाव माईकवर पुकारलं जातं. मुकाबला असेल तर ढंग कव्वालीचा, दोन गायक एकमेकांना गाण्यातून डिवचणारे. कार्यक्रम कुठूनही ऐकायला बसा, काही बिघडत नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर हीच रीत पसरली. कॅसेट आल्यावर गाणं घरोघरी गेलं. वग मागेच राहिला, कारण तो समोर बसून पाहावा लागतो.

मराठवाड्यापुरता फरक पाहायचा तर नामांतराचा विषय घ्या. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेडोपाडी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडणं, झालं थेट १४ जानेवारी १९९४ ला. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे या शहिदांची आठवण पुढच्या पिढीपर्यंत नेण्याचं काम गाण्याने करावं, ते त्यालाच साधतं. पण रोज समोर दिसणाऱ्या माणसांनी ती घरं का पेटवली, कशाची भीती त्यांच्या मनात भरवली गेली, हे चार कडव्यांत मावत नाही. त्याला पात्रं लागतात, उलटा प्रश्न लागतो. हा वग आज कुणीतरी लिहायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

मंडळाने निवड करताना जागा आणि गर्दी पाहावी. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर किंवा १४ एप्रिलला भडकल गेटला लोक सतत येत-जात असतात. तिथे गायन पार्टीच बोलवावी. जलशासाठी वस्तीतला चौक बघावा, जिथे माणसं सतरंजीवर दीड-दोन तास बसतील. वग बसवायला तालमी लागतात, म्हणून पथकाला सुपारी आधीच द्यावी. ढोलकीवाला आणि सोंगाड्या चांगले असतील याची खात्री करावी, आणि फर्माईशीच्या चिठ्ठ्या त्या रात्री घेऊ नयेत.