ब्रेसेस असताना माउथवॉशचा वापर

वाकडे किंवा पुढे आलेले दात ब्रेसेस लावून सरळ केले जात असताना हिरड्या सुजू नयेत म्हणून ब्रशच्या जोडीने औषधी द्रवाने चूळ भरण्याची पद्धत. हा उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतो. तेवढा काळ दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट आणि त्यांतून ओवलेली तार तोंडातच असते.

खरी अडचण ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत असते. ब्रशचे केस तारेला अडतात आणि जिवाणूंचा पांढुरका, चिकट थर, म्हणजे प्लाक, तिथेच साचत जातो. मग हिरडीची पातळ गुलाबी कड लाल होते, फुगते, चकाकू लागते. दोन दातांमधले तिचे टोक बोथट होते आणि ब्रश लागताच रक्त येते. रक्त पाहून अनेकजण तेवढी जागा घासायची सोडून देतात. सूज वाढते ती इथेच. हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिले होते की, दात घासणे बंद केले तर निरोगी हिरड्याही १० ते २१ दिवसांत सुजतात आणि सफाई पुन्हा सुरू केली की सूज उतरते.

माउथवॉश हा थर खरवडून काढत नाही. चिकटून बसलेल्या प्लाकच्या आतल्या जिवाणूंपर्यंत तो नीट पोचतही नाही. म्हणून आधी ब्रश तारेच्या वरून आणि खालून तिरका धरून फिरवावा, तारेमागे दातांच्या फटीत जाणारा बारीक (इंटरडेंटल) ब्रश घालावा, आणि मगच चुळीचा विचार करावा. घाईच्या सकाळी नुसती चूळ भरून निघणाऱ्याच्या तोंडाला वास चांगला येतो, प्लाक मात्र जागेवरच राहतो.

सूज आलेली असताना दंतवैद्य बहुतेकदा क्लोरहेक्सिडीन हा जिवाणू मारणारा माउथवॉश देतात. ०.२ टक्के द्रावण असेल तर १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट तोंडात खळखळवायचे. हे औषध दातांना आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून राहते व कित्येक तास हळूहळू सुटत राहते. त्याची ताकद त्यातच आहे. पण दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते, किटणही वाढू शकते. त्यामुळे ते ठरलेल्या थोड्या आठवड्यांपुरतेच घ्यावे, आपल्या मनाने महिनोन्‌महिने नव्हे. टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक त्याचा परिणाम कमी करतो, म्हणून ब्रश आणि चूळ यांत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवतात.

रोजच्या वापरासाठी ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश असतो. त्याचा उपयोग हिरड्यांपेक्षा दातांना जास्त: ब्रॅकेटभोवती उमटणारे खडूसारखे पांढरे डाग तो रोखतो. तोही ब्रशनंतर लगेच वापरू नये, कारण पेस्टमध्ये फ्लोराइड त्याहून कितीतरी जास्त असते आणि चुळीबरोबर ते धुऊन जाते. चूळ गिळली जाण्याचा धोका असल्याने सहा वर्षांखालील मुलांना माउथवॉश देत नाहीत. तार घासून गाल सोलला असेल तर अल्कोहोल नसलेला निवडावा, नाहीतर फार झोंबते.

एवढे करूनही हिरडी ब्रॅकेटवर चढतच राहिली, तर तारेतल्या निकेलची ॲलर्जी आहे का तेही पाहावे लागते. प्लाकमुळे वाढलेली हिरडी ब्रेसेस निघाल्यावर बहुधा काही महिन्यांत बसते. न बसल्यास वाढीव भाग छोट्या शस्त्रक्रियेने काढतात.