फादर आणि लग्न

‘चर्चचा फादर म्हणजे ब्रह्मचारी’ हा समज पुण्यात इतका पक्का, की एखादे पाळक बायको-मुलांसह मंडईत दिसले की लोक चमकतात. ही अट मुख्यतः रोमन कॅथलिकांची. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय मात्र चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट पंथाचं. या पंथाचे पाळक संसारी असू शकतात. रेव्हरंड टिळक-लक्ष्मीबाईंचा संसार ठाऊक असूनही आपण हे विसरतो, याचं नवल वाटतं!

पाळक किंवा फादर होण्याच्या दीक्षाविधीचा गाभा मात्र दोन्हीकडे एकच: बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. कॅथलिक उमेदवार त्याआधी वेदीपुढे पालथा पडतो, नंतर त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. मग नवे फादर आपल्या गावच्या मंडळीसोबत पहिला मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करतात आणि त्यानंतर जेवणावळ.