‘खुशाल बदडा, सर!’ या परवानगीला किंमत किती?

शाळेत नाव घालताना काही पालक अजूनही सांगतात, ‘ऐकलं नाही तर खुशाल बदडा, सर.’ पालकांनीच मुभा दिली की मारायला हरकत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. पालकांच्या संमतीची पळवाट त्यात नाही. कलम मोडणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

मानसिक छळाकडे मात्र सर्रास काणाडोळा होतो. छडी कपाटात गेली, पण गणित चुकलेल्या पोराला फळ्यासमोर उभं करून ‘बापाचे पैसे वाया घालवतोस’ म्हणणारी जीभ अजून सैलच आहे. सर म्हणतात ते मुलाला खरंच वाटतं, म्हणून ते जास्त लागतं. गृहपाठ पुन्हा करून घ्यायला, पालकांना बोलवायला कायद्याची आडकाठी नाही.