भागाकार आधी, गुणाकार नंतर

मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गिझरची कॉइल घ्यायला गेलं, की चांगला दुकानदार ती मल्टिमीटरला लावून दाखवतो. 2000 वॅटच्या कॉइलवर साधारण 26 ओहम दिसले, की माल बरोबर. घरात 230 व्होल्ट येतात, 2000 वॅटला 8.7 अँपिअर लागतात. 230 ला 8.7 ने भागा, 26.4 येतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे तिची धारा, हे दोनच आकडे. भागले की रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा; गुणले की शक्ती. शाळेच्या पुस्तकात ही दोन्ही सूत्रं शेजारीशेजारी असतात, म्हणून ती एकाच माणसाला एका बैठकीत सुचली असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात भागाकार आधी सापडला, आणि गुणाकाराच्या उत्तराला 'वॅट' हे नाव मिळायला त्यानंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला.

खरं तर भागाकाराच्या जवळ इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश 1781 मध्येच पोचला होता. त्याच्याकडे मीटर नव्हता. तो स्वतःच्या अंगाला बसणारा झटका कमी-जास्त किती, यावरून तुलना करायचा. पण त्याने ते छापलंच नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याची कागदपत्रं 1879 मध्ये प्रसिद्ध केली, तोवर जग पुढे गेलं होतं.

श्रेय गेलं गेओर्ग ओहम याला, आणि ते योग्यच आहे. कुलूप-किल्ल्या करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत शिकवत होता. त्याची पहिली अडचण साधी, पण जीव खाणारी होती: व्होल्टाच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरायचा. तार बदलली म्हणून धारा बदलली की बॅटरी दमली म्हणून, हे कळायचंच नाही. पोगेनडॉर्फ या विज्ञान-नियतकालिकाच्या संपादकाने सुचवलं, बॅटरी सोडा, तापयुग्म वापरा: दोन धातू दोन ठिकाणी सांधायचे, एक सांधा गरम आणि एक गार ठेवला की वीज वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडचं तापमान ढळत नाही, म्हणून दाबही ढळत नाही. मग सारख्याच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि चुंबकसूची किती वळते, म्हणजेच धारा किती, ते मोजलं. 1826 मध्ये त्याने नियम मांडला आणि 1827 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. मला या सगळ्यात नियमापेक्षा तो बर्फ मोठा वाटतो. एक राशी स्थिर धरता आली, तेव्हाच दुसऱ्या दोघींचं नातं दिसलं.

जर्मनीत पुस्तकाचं स्वागत थंड झालं. ओहमने नोकरी सोडली, पुढची काही वर्षं ओढाताणीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोप्ले पदक दिलं तेव्हा कुठे मान मिळाला.

गुणाकार वेगळ्याच घरातून आला. त्याच 1841 साली मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याच्या मुलाने, जेम्स जूलने, पाण्यात बुडवलेल्या तारेतून करंट सोडून पाणी किती तापतं ते छापलं. धारा दुप्पट केली की उष्णता चौपट. धारेचा वर्ग गुणिले रोध. ओहमचा नियम यात घातला की तेच व्होल्ट गुणिले अँपिअर होतं.

पण व्होल्ट म्हणजे किती, ओहम म्हणजे किती, हे ठरलं नव्हतं. ती घाई केली तारायंत्राने. समुद्राच्या तळाशी केबल तुटली तर ती कुठे, हे किनाऱ्यावर बसून कळायला हवं. मैलाला रोध किती ते माहीत असेल, तर मोजलेल्या रोधावरून अंतर निघतं. त्यासाठी सगळ्यांचा ओहम एकच हवा. 1861 मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यासाठी समिती नेमली. 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकली, तेव्हा त्या समितीचं एकक वापरात आलेलं होतं. व्होल्ट, ओहम, अँपिअर ही नावं पॅरिसच्या 1881 च्या परिषदेत पक्की झाली. पुढच्याच वर्षी अभियंता विल्यम सीमेन्सने शक्तीसाठी 'वॅट' सुचवलं.

पुढे मुंबईत हा गुणाकार रुळांवर आला. 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली. 1915 पासून खोपोलीची वीज शहरात यायला लागली, आणि 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी, 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. तेव्हाच्या डीसी मोटरी उभी गाडी सुटताना बेसुमार करंट ओढत, म्हणून सुरुवातीला मध्ये रोध घालून तो आवरावा लागे. तेवढी वीज नुसती तापण्यात जाई.

समजा एका लोकलला 30 लाख वॅट हवेत. 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर लागतील, 25000 व्होल्टवर फक्त 120. धारा जवळजवळ सतरापट कमी. आणि तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गावर ठरते, म्हणजे तार तीच असेल तर ती जवळजवळ पावणेतीनशेपटीने कमी. जूलच्या पाण्याचा हिशेब हाच. डीसीला म्हणूनच तारा जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ ठेवावी लागत. गाड्या भरत गेल्या, डबे नवाचे बारा झाले, आणि ते पुरेना. पश्चिम रेल्वेवर 25000 व्होल्ट एसीचं, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेचं, काम 2012 मध्ये संपलं, मग मध्य रेल्वेवर. डीसीची शेवटची लोकल एप्रिल 2016 मध्ये धावली, ती हार्बरवर, जिथे 1925 ची पहिली गाडी धावली होती.